आजोबांचं सोयर

“अभिषेकाला तुम्हीच बसा, बाबा. माझं एवढं ऐका.” नीरजानं पदर पसरायचाच काय तो बाकी ठेवला होता.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर तिचे सासरे, विश्वेश्वरशास्त्री, ताठ बसले होते. “सोयर आहे, सूनबाई. देवाला शिवायचं नाही.”

माणूस कसला, दगडच! आत तिची लेक होती, अजून बारसंही न झालेली. जन्मली तीच ओठ-नखं निळी घेऊन. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी वाट फार अरुंद होती. बारीक नळी बसवून रक्ताला दुसरी वाट करून द्यायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पंच्याण्णव साल ते. इतक्या कोवळ्या जिवाचं काही खरं नाही, हेही सांगितलं होतं. दिल्लीला न्यायला वेळच नव्हता.

एरवी देवाला घाईघाईत हात जोडणारी नीरजा आज हट्टाला पेटली होती. शास्त्रीबुवांनी रुद्र म्हटला की देव ऐकतोच, असं काशीचा अख्खा पंचगंगा घाट म्हणायचा. मग सख्ख्या नातीसाठी का नाही?

शेजारचे गोपीनाथ गुरुजी उठले. “सोयर रक्ताच्या माणसांना. मला कसलं? मी बसतो अभिषेकाला.” आणि ते गेलेसुद्धा.

“तुम्हीही जा ना हो त्यांच्याबरोबर,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “देव काही...”

“तू गप बस!” शास्त्रीबुवा कडाडले. “माझ्या घरी नात जन्मलीय. मला सोयर नाही, तर कुणाला?”

वर छाती फुगवून म्हणाले! नीरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच का तो आजोबा? कालच नर्स म्हणाली होती, “पंडितजी, नाक तो बिल्कुल आप पर गई है.” तर स्वारीनं ते खालच्या चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. रात्रभर काचेला नाक लावून उभे होते. प्रेम नव्हतं असं कसं म्हणावं? पण नियम म्हटला की यांना नात दिसेना.

श्रीनिवास, तिचा नवरा, औषधं घेऊन धापा टाकत आला आणि वडिलांशेजारी बसला. शास्त्रीबुवांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला. त्या हसत होत्या.

“नळी छान चालू झाली. नखं बघा जाऊन, गुलाबी झालीत.”

नीरजा मटकन खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली. शास्त्रीबुवांनी डोळे पुसले, श्रीनिवासच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि त्याला ओढतच पेढे आणायला घेऊन गेले.

“सगळं गोड झालं म्हणून बरं,” नीरजा हुंदके देत म्हणाली. “पण आई, मी हे विसरणार नाही. पोरीपेक्षा बाबांना सोयर मोठं वाटलं.”

सासूबाईंनी जिन्याकडे पाहिलं. बापलेक दिसेनासे झाले होते. त्या सुनेजवळ सरकल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“नियमानं त्यांना सोयर नव्हतंच गं,” त्या म्हणाल्या. “श्रीनिवास आम्हाला घाटाच्या पायऱ्यांवर सापडला होता.”