तिसरी ग्रेड

डॉ. श्रुती यांनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि म्हणाल्या, "ही ग्रेड द्यायलाच नको होती."

प्रणिताला वाटलं, चौथी असणार. तिच्या वडिलांच्या, अप्पारावांच्या मूत्रपिंडातली गाठ काढून महिना होऊन गेला होता. पहिल्या लॅबनं गाठीला तिसरी ग्रेड दिली होती, आणि चौथीच्या पुढं काही नसतं हे तोवर घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. सर्जननं एकदा दुसरीकडं दाखवा म्हटलं, म्हणून स्लाइड कोठी भागातल्या या लॅबमध्ये दिल्या होत्या. आज निकाल होता.

"घाबरू नका," डॉ. श्रुती म्हणाल्या. बाई मूळच्या पुण्याच्या, समजावून सांगायची हौस दांडगी. "या कॅन्सरला क्रोमोफोब म्हणतात. याच्या पेशींची केंद्रकं मुळातच मनुक्यासारखी सुरकुतलेली असतात. नेहमीची पट्टी लावली तर यातली साधी गाठसुद्धा वाईट दिसते. म्हणून या जातीला ती ग्रेड देतच नाहीत. तिथं कुणीतरी सवयीनं देऊन टाकली."

"आणि गुणसूत्रांची तपासणी?"

"गुणसूत्रं हरवली आहेत. एक, दोन, सहा, दहा, तेरा, सतरा. प्रत्येक जोडीतलं एकेक."

प्रणितानं बोटांवर मोजलं. "एवढी?"

"हीच हरवलेली असतात. ती या जातीची ओळख आहे, त्यामुळं आता शंका राहिली नाही. गाठ मूत्रपिंडाबाहेर गेली नव्हती, पूर्ण निघाली आहे. तपासण्या चालू ठेवाव्या लागतील, आणि हमी मी कशाचीच देत नाही. पण तुमचे वडील या गाठीनं जातील असं मला वाटत नाही."

प्रणिता बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पोटभर रडली. आनंदानंच रडली. अंबरपेठच्या रिक्षात बसल्यावर मात्र तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि डोळे एकदम कोरडे झाले.

येत्या रविवारी तिचं लग्न होतं. साईतेजा तिच्याच ऑफिसातला, कुकटपल्लीचा, तेलुगू घरातला. दोन वर्षं त्याचं नाव निघालं की अप्पा जेवणावरून उठत. भालकीला राहणारे थोरले काका हिम्मतराव तर, असल्या लग्नाला भाऊकीतलं चिटपाखरू येणार नाही, असं फोनवर ठणकावून मोकळे झाले होते. मग तिसरी ग्रेड आली. दवाखान्यातून घरी आल्यावर अप्पांनी प्रणिताला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "त्या पोराच्या घरच्यांना बोलव. जाताजाता तुझं मन कशाला मोडू." हिम्मतरावही विरघळले. आता भाऊकीच्या दोन जीप भरून ते शनिवारी येणार होते.

जाताजाता दिलेला होकार. आणि अप्पा तर आता जाणारच नव्हते.

बाप वाचला याचं आपल्याला वाईट वाटतंय की काय, या विचारानं तिला स्वतःचीच किळस आली. सोमवारी सांगितलं तर काय बिघडेल, असंही मनात येऊन गेलं. तीन-चार दिवसांचा तर प्रश्न. पण अप्पा रोज संध्याकाळी विकासला, तिच्या भावाला, समोर बसवून दुकानातलं एकेक गिऱ्हाईक समजावून देत होते. काल त्यांनी आपले चांगले सदरे वेगळे काढून ठेवले होते, कुणाकुणाला द्यायला. वाचलेल्या माणसाला उगीच आणखी चार दिवस मरायला लावायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं.

घरी आई, सुशीलाबाई, शेजारी अक्षता द्यायला गेल्या होत्या. अप्पा गॅलरीतल्या कॉटवर शाल पांघरून पडले होते. प्रणितानं सगळं सांगितलं. ग्रेडची चूक सांगितली, गुणसूत्रं सांगितली. अप्पांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे मी ऱ्हातो?"

"हौ, अप्पा. ऱ्हाता तुम्ही."

अप्पा उठून बसले. शालीच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. त्यांना एवढं खूश तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनंच धीर केला.

"अप्पा, जातोय समजून तुम्ही हौ म्हणला होता. आता मन फिरलं असलं तर आजच बोला. मी तेजाच्या घरी कळवते. माझी शिकायत नाही."

अप्पांनी दाराकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

"आईला सांगितलीस का हे?"

"नाही अजून."

"विकासला?"

"नाही. सीधं तुमच्याकडंच आले."

अप्पांनी मान हलवली. प्रणिता समजली. गाजावाजा न होता मोडायचं असणार, म्हणून विचारतायत. तिनं पदराशी चाळा करत खाली बघितलं. रडायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

अप्पा मात्र पुन्हा आडवे झाले. शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि चेहरा पाडून, आजाऱ्यासारखे नीट पडून राहिले.

"तुझ्या आईला मी सांगतो, तिच्या पोटात ऱ्हातं," ते म्हणाले. "बाकी कुणाला रविवारपर्यंत बोलू नक्को. मी मरतोय करून हिम्मतदादा राजी झालाय. मी तर कवाचाच राजी होतो."