गिटारवरचा चिमटा

आई शास्त्रीय गाते आणि माझा मामा तिला गिटारवर साथ करतो. तिचा आवाज थकला, की तो गिटारच्या मानेवरचा, तारा दाबून धरणारा चिमटा एक घर मागे सरकवतो आणि सूर उतरवतो. तो सांगत नाही, ती विचारत नाही. पाचव्या घरातला चिमटा दोन वर्षांत पहिल्यात आला. आजच्या मैफलीत वरच्या षड्जावर आईचा आवाज चिरकला. ती पाणी पीत असताना मामाने चिमटा काढून खिशात टाकला. त्यामागे घरच उरलं नव्हतं. आई गायली, मीही टाळ्या वाजवल्या. आत गेल्यावर ती म्हणाली, “बघितलंस? गळा कसा मोकळा झाला! डोंबल कळतंय डॉक्टरांना!” मग मामाला, “पुढच्या वेळी पट्टी चढवू रे.” “चढवू की, ताई,” मामा म्हणाला. ती आरशाकडे वळताच त्याने चिमटा माझ्या मुठीत कोंबला. “ठेव. मला आता लागणार नाही.”