मागची खोली

"मागच्या अंगणातल्या खोलीची इथे नोंदच नाही हो," लिंडल म्हणाली. "गॅरेज आहे. खोली नाही."

काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या नोलाबाईंनी चष्मा वर सरकवला. बाई ऐंशीच्या घरातल्या, अंगात लोकरीचा स्वेटर, शेजारी बाजाराची चाकांची पिशवी. "गॅरेजच होतं ते. माझ्या नवऱ्यानं, लेसनं, हातानं त्याची खोली केली. ओटा, सिंक, न्हाणीघर, सगळं."

"परवानगी घेतली होती का त्यांनी?"

"लेस आणि परवानगी!" नोलाबाई हसल्या. "म्हणून तर बघायला आले."

नदीकाठच्या त्या गावात नगरपालिका म्हणजे मोजकी टेबलं आणि एक काउंटर. घराचे जुने नकाशे, बांधकामाचे दाखले हवे असले की लोक लिंडलकडे अर्ज करत. मालक असाल तर कागद मिळत, नसाल तर नाही. बहुतेक अर्ज घर विकायला काढलेल्यांचे असत. नोलाबाईंचं तसं नव्हतं. हिवाळा सरला की त्या स्वतः मागच्या खोलीत राहायला जाणार होत्या, आणि मोठ्या घरात मुलगा ब्रेट, सून केरी आणि नातवंडं येणार होती.

"एकट्या बाईला एवढं घर हवंय कशाला, असं ब्रेट म्हणतो," त्या म्हणाल्या. "केरीनं तर खोलीला पडदेही आणलेत, पिवळे. म्हटलं, जाण्याआधी कागद नीट असलेले बरे."

लिंडलनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "असं करा, हा अर्ज घरी घेऊन जा. तुम्ही काही विचारलं नाही, मी काही पाहिलं नाही. अर्ध्या गावात अशा खोल्या आहेत. कुणी तक्रार केल्याशिवाय तिकडे कुत्रं फिरकत नाही."

"आणि इथेच ठेवला तर?"

"तर मला तो निरीक्षकाकडे पाठवावा लागेल. खोली नापास झाली तर तिथे राहता येणार नाही तुम्हाला. कळतंय ना?"

नोलाबाईंनी पिशवीचा दांडा घट्ट धरला. "ठेव तू अर्ज. जन्मभर सरळ चालले, आता म्हातारपणी लपवाछपवी नको."

दुसऱ्याच दिवशी ब्रेटचा फोन आला. "आईला काही कळत नाही. तो अर्ज रद्द करून टाका."

"अर्ज घराच्या मालकिणीचा आहे," लिंडल म्हणाली. "त्यांनी सांगितलं तर लगेच करते."

"मी मुलगा आहे तिचा!"

"हो, पण घर त्यांच्या नावावर आहे."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. नोलाबाईंकडून मात्र काहीच निरोप आला नाही.

पाहणीला लिंडलही निरीक्षकाबरोबर गेली. वाटेत तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, म्हातारी भली आहे, जरा सांभाळून घे. तोही मनानं वाईट नव्हता. छत बुटकं आहे हे बघून त्यानं नुसतं "हं" केलं आणि टेप खिशात घातली.

"या कोपऱ्यात हात लावून बघा," नोलाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात इथे ओल येते."

त्यानं हात लावला.

"आणि त्या प्लगपासून जरा जपून हं. अधूनमधून झटका देतो."

लिंडलनं त्यांना डोळ्यांनी खुणावलं, बाई, आता गप्प बसा. पण नोलाबाईंचं लक्ष नव्हतं. सांडपाणी कुठे जातं तेही त्यांनी वाकून दाखवलं. ते शेजाऱ्याच्या लिंबाच्या झाडाखाली जात होतं. निरीक्षकानं सुस्कारा सोडला आणि लिहायला घेतलं.

लिंडलला चार रात्री धड झोप लागली नाही. खरं बोलली म्हणून एका म्हातारीची हक्काची जागा गेली, आणि त्या कागदावर पहिला शिक्का आपला. ती नियमांची जाडजूड पुस्तकं घरी घेऊन आली. नवऱ्यानं विचारलं, "परीक्षा आहे का गं?" तिनं पुढचं पान उलटलं. शेवटी तिला वाट सापडली.

खोली नापास झाल्याचा हुकूम पोस्टानं जायचा, पण ती स्वतःच घेऊन गेली. वर बेकरीतला स्पंज केकही. ब्रेट तिथेच होता. त्यानं कागद वाचला आणि टेबलावर भिरकावला.

"माझ्या घराला भाडेकरू ठरवून बसलोय मी! आई, तुला कुणी सांगितलं होतं तिथे जाऊन विचारायला?"

"चुकलं रे बाबा." नोलाबाईंची मान खाली गेली. "मला वाटलं, कागद असतील."

"कागद असतील! बाबांनी आयुष्यात एक कागद सांभाळला होता का?" तो दार आपटून बाहेर गेला. त्याची गाडी खडी उडवत फाटकाबाहेर पडली.

नोलाबाईंनी किटली ठेवली, लिंडल केक कापायला लागली. त्यांची पाठ लिंडलकडे होती. खांदे हलत होते. लिंडलला राहवलं नाही.

"रडू नका हो. ऐका, सगळं संपलेलं नाही. छप्पर थोडं उचललं, ओल अडवली, वायरिंग नवं केलं आणि सांडपाणी गटाराला जोडलं, तर खोली मंजूर होऊ शकते. मी सगळे नियम पाहिलेत. खर्चही फार नाही. अर्ज मी भरून देते, फक्त ब्रेटशी एकदा बोलायला हवं. मी आजच फोन—"

नोलाबाई गर्रकन वळल्या. डोळे कोरडे होते. त्यांनी लिंडलचं मनगट असं धरलं की तिच्या हातातली केकची सुरी खाली पडली.

"खबरदार," त्या म्हणाल्या, "ब्रेटला यातलं एक अक्षर सांगितलंस तर!"