आठवड्याचं हवामान

पोरानं मर्जीविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून रामटेकच्या शालिकरामनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पोरगा चंद्रभान नागपूरच्या रेडिओवर हवामान सांगायचा. संध्याकाळी ते लागलं, की शालिकराम रेडिओजवळ सरकून बसायचा. बायको मनकर्णानं नुसतं पाहिलं, तरी म्हणायचा, "शेतकऱ्याले हवापाणी मालूम पाहिजे वं."

एप्रिलातल्या एका संध्याकाळी रेडिओ म्हणाला, "येत्या आठवड्यात विदर्भात उष्णतेची लाट राहील. दुपारी घराबाहेर पडणे टाळावे." आवाज भलत्याच माणसाचा होता. दुसऱ्या दिवशीही तोच माणूस बोलला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी शालिकरामनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला, लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि चपला घातल्या.

"एवढ्या उनात कुठं चालले जी?"

"नागपूरले. पोराची तब्येत पाहून येतो."

"तुमचा तर अबोला हाय ना त्याच्याशी?"

शालिकराम उंबऱ्यातच थांबला. "बोलणं बंद होतं वं," तो म्हणाला, "आयकणं थोडी बंद होतं?"

मनकर्णानं दाराला कुलूप लावलं आणि ती त्याच्यामागून निघाली.