विसावं मूल

"बाकं अकरा, फळा एक, नकाशे तीन. घंटा?"

"घंटा फुटकी आहे," बाई म्हणाल्या.

"फुटकी तर फुटकी. यादीत आहे ना, मग द्यावी लागेल." साहेबांनी तिच्यापुढेही बरोबरची खूण केली.

शाळेची एकुलती एक खोली निम्मी रिकामी झाली होती. टेंपोवाला आणि त्याचा भाऊ बाकं उलटी करून बाहेर नेत होते. मागच्या भिंतीवर मुलांची डोकी टेकून टेकून पडलेला काळा पट्टा तेवढा उरला होता. तो यादीत नव्हता.

मावशी सतरंज्यांचा गठ्ठा दोरीने बांधत होती. झाडलोट, पाणी, घंटा, शाळेचं सगळं तीच बघायची. बांधता बांधता तिने दोनदा दारातून वाकून पाहिलं.

"काय गं मावशी?"

"पोरगी दिसत नाही, बाई. तुमची पाहुणी. साहेबांची गाडी आली तेव्हा पायरीवर होती."

"असेल इथंच. खेळत असेल कुठंतरी."

मावशीची ही लेक वर्षभर पहिलीच्या बाकावर बसली होती. सहा वर्षं पूर्ण नव्हती म्हणून पटावर नाव नव्हतं. सगळ्यांची हजेरी झाली की बाई वही मिटायच्या आणि विचारायच्या, "आणि आमच्या पाहुण्या?" ती दोन्ही हात वर करून "हजर!" म्हणायची. एका हाताने तिचं भागायचं नाही.

"कपाट," साहेब म्हणाले. "आत काय?"

"सतरंज्या होत्या. सकाळीच काढल्या."

साहेबांनी लिहिलं: कपाट, लाकडी, एक, रिकामं.

"साहेब, एकच कमी होतं हो," बाई म्हणाल्या. हे त्यांनी तीन अर्जांत लिहिलं होतं. तोंडाने आज पहिल्यांदा.

"एक काय आणि दहा काय, मॅडम. वीसच्या खाली पट गेला की शाळा मोठ्या शाळेत जाते. मोजणीला मी स्वतः आलो होतो. एकोणीस भरली."

"नव्या वर्षी एक येतंय. सहा पूर्ण होतात तिला."

"सहा कशाला? पाचची चालतात की." साहेबांनी कागदावरून डोकं वर काढलं नाही. "पत्रक निघून दोन वर्षं झाली. मोठ्या शाळेनं त्यात नऊ घेतली."

"आम्हाला नाही आलं."

"तुमचं टपाल मोठ्या शाळेतूनच येतं ना? मग आलंच असणार. बघा कुठंतरी."

बाई बघायला गेल्या नाहीत. आलेलं प्रत्येक पत्रक त्या तारखेनुसार दोऱ्यात ओवून ठेवायच्या. तो गठ्ठा त्यांना पाठ होता.

मावशीची दोरी हातातच राहिली. "म्हणजे आमची चालली असती?"

"तुमची कोण?"

मावशीने बाईंकडे पाहिलं. बाई फळ्याच्या जागी उरलेल्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होत्या.

"मोजणीला आलात तेव्हा दोन तास बसला होतात इथं," मावशी म्हणाली. "चहा घेतलात. दुसराही मीच दिला."

"मग?"

"काही नाही. साखर बरोबर पडली होती ना, एवढंच विचारते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "हे बघा, नुकसान कुणाचंच नाही यात. मॅडमना तिकडे दुसरीचा वर्ग मिळालाय. मुलांना मैदान मिळेल, प्रयोगशाळा मिळेल. जायला गाडीचा प्रस्ताव आहे."

"आणि तोवर?" मावशीने विचारलं.

"तोवर चार किलोमीटर काही लांब नाही."

"मधे मोठा रस्ता आहे, साहेब. ट्रकवाले हॉर्न वाजवतात, थांबत नाहीत."

"मोठ्यांनी लहानांचा हात धरायचा."

"धरतील की. आणि त्या तुमच्या प्रस्तावात एका वेळी किती पोरं बसतात?"

टेंपोवाला फसकन हसला. साहेबांनी वळून पाहिलं, तसा तो कपाटाला जाऊन भिडला. भावाने दुसरी बाजू धरली. कपाट बोटभर उचललं गेलं आणि पुन्हा खाली टेकलं.

"आयला! रिकामं म्हणता आणि हे वजन कसलं?"

बाईंचा चेहरा उतरला. टेंपोवाल्याला बाजूला सारून त्या खाली बसल्या आणि त्यांनी खालचं दार उघडलं.

पाहुणी आत होती. गुडघे हनुवटीला, चपला छातीशी धरलेल्या, बोट ओठांवर. घामाने केस कपाळाला चिकटले होते. बाजूच्या फुटक्या फळीतून येणारा उजेडाचा पट्टा गालावर घेऊन ती बसली होती. मोजणीच्या दिवशी बाईंनीच तिला याच कपाटात अशी बसवली होती, पटावर नसलेलं मूल वर्गात दिसलं तर शेरा पडेल म्हणून. कसं बसायचं, कुठं बसायचं, कुणी विचारलं तर काय सांगायचं, तीनदा घोकून घेतलं होतं. आज गाडी दिसल्यावर कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

"अरेच्चा!" साहेब वाकले. त्यांचा आवाज मऊ झाला. "तू कोण गं बाळा?"

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंना मान हलवता आली नाही, हो अशीही नाही, नको अशीही नाही. मग तिने आपलं आपणच ठरवलं आणि शिकवलेलं उत्तर, न अडखळता, खणखणीत म्हणून दाखवलं.

"मी नाहीये."