हाताची ओळख

वाईच्या मनुबाई कासारणीनं उभ्या आयुष्यात बांगड्या भरल्या त्या मनगटं ओळखून. डोळे मिटूनही हात कुणाच्या लेकीचा ते ती सांगे.

श्रावणातल्या दुपारी नात ऋतुजा दोन मैत्रिणींना घेऊन दुकानात आली. मोबाईलवर बघून तिघींनी धरलेलं 'एकवीस दिवसांत नवी मी' हे व्रत आज पुरं झालं होतं. रोज पहाटे बर्फाच्या पाण्यात तोंड, मग तांदळाचं पाणी, मग फोटो. तिघींचे कुडते फिकट, केस चापून बांधलेले.

"एका साच्यातनं काढल्यागत दिसताय की गं!" मनुबाई हसली.

"व्हय ना? मग डोळं मीट आन मला वळख बघू, आज्जे."

मनुबाईनं डोळे मिटून पहिला हात घेतला. मऊ आणि गार. दुसरा तसाच. तिसराही तसाच, तीच हाडं, तेवढंच मनगट. लहानपणी चुलीवर पोळल्याचा ऋतुजाचा डाग तिनं चाचपला. एकाही हातावर तो नव्हता. तिनं डोळे उघडून तिन्ही चेहरे न्याहाळले, तेही एकसारखेच.

"ऋतू, चेष्टा पुरे. तू यातली कुठली?"

उत्तर तिघींकडून एकदमच आलं, एकाच घाबऱ्या आवाजात.

"तूच सांग की आज्जे, यातली मी कुठली?"