बारा मीटरची नळी

१९६१ साल. अण्णांनी फुंकून, जोडून तयार केलेली बारा मीटरची काचेची नळी मोडीत काढायची, असं प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी सकाळीच जाहीर केलं.

नळीत मिथेन भरायचा, एका टोकाने अवरक्त किरण सोडायचे आणि पलीकडे किती पोचतात ते मोजायचं. गुरू ग्रहाच्या हवेत मिथेन किती, याचा अंदाज त्यावरून बांधायचा होता. पण आलेखावर जवळजवळ रोज एक नको ती खाच पडत होती. कार्बन डायऑक्साइडची.

"खोलीतली हवा आत शिरतेय. सांधे गळतायत," सर म्हणाले. "वय झालं अण्णा, हात थरथरणारच."

"माझा सांधा गळला तर उद्यापासून बरण्यांची झाकणं विकीन," अण्णा म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मोजणीला अण्णांची मुलगी बसायची. सहा महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेली. खोलीत कोण आलं, कोण गेलं, तेसुद्धा ती वहीत टिपायची. सगळे तिला चित्रगुप्त म्हणून चिडवत.

ती वहीची पानं मागे उलटत राहिली. मग उठली.

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

अण्णांनी डोळ्यांनीच तिला दटावलं.

"का?" सरांनी विचारलं.

"नळी आणि मापक यांच्यामध्ये वीतभर जागा उघडी आहे. तिथल्या हवेचं नेहमीचं माप आपण वजा करतो. पण तुम्ही तिथेच वाकून आलेख बघता, बोलता. तुम्ही रजेवर होतात ते तीन दिवस खाच नाही. तो तुमचा श्वास आहे, सर."

सरांनी चष्मा काढला. मग तो पुसत बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

आलेखाचं पेन सरकलं. रोज जिथे बुडायचं, तिथून सरळ पुढे गेलं.

नळी आणखी एकवीस वर्षं चालली. सर दुसऱ्या संस्थेचे संचालक झाले. जाताना मोजणी विभाग अण्णांच्या मुलीच्या हाती देऊन गेले. अण्णा निवृत्त झाले ते त्या संशोधनाचा छापील लेख काखेत मारूनच. त्यात त्यांच्या सांध्यांची अख्खं पानभर तारीफ होती. ते पान त्यांनी कुणालाच दाखवलं नाही. आल्यागेल्याला ते शेवटची तळटीप मोठ्याने वाचायला लावत. सरांनी ती स्वतः लिहिली होती: 'मोजणीच्या वेळी साहाय्यिकेने प्रमुखाला खोलीबाहेर पाठवले होते.'